‘डिसर्निंग’ला मराठीत काय म्हणायचं?

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका नव्या इमारतीचं माहितीपत्रक भाषांतरासाठी माझ्याकडे आलं. आठ पानं होती. क्लब हाऊस, पोडियम गार्डन, येऊरचा डोंगर दिसणारी गॅलरी, हे सगळं तासाभरात हातावेगळं झालं. अडले ते पहिल्या पानावरच्या चार शब्दांवर : फॉर द डिसर्निंग फ्यू. दोन दिवस मी त्या ओळीवर बसून होते.

शब्दकोश ‘डिसर्निंग’ला ‘विवेकी, चाणाक्ष, मार्मिक’ असे पर्याय देतात. ‘निवडक विवेकी लोकांसाठी’ असं लिहून पाहिलं, तर ते कीर्तनाचं आमंत्रण वाटायला लागलं. ‘चाणाक्ष लोकांसाठी’ लिहिलं, तर वाटलं की या घरात काहीतरी गोम आहे आणि ती ओळखणाऱ्यालाच घर मिळणार आहे. मग ठरवलं, आधी हा शब्द नीट समजून घेऊ. तसा तो रोज डोळ्यांखालून जातो. कॉफीच्या डब्यावर असतो, घड्याळांच्या जाहिरातीत असतो, पुस्तकाच्या मलपृष्ठावर असतो. वाचताना आपण अंदाजाने ‘काहीतरी भारी’ असा अर्थ लावतो आणि पुढे सरकतो. पण ‘भारी’ हा त्याचा अर्थ नाही. श्रीमंत असाही नाही.

उच्चारापासून सुरू करू. स्पेलिंगमध्ये ‘एस’नंतर ‘सी’ असल्यामुळे पुष्कळ जण ‘डिस्कर्निंग’ म्हणतात. तिथे ‘क’ नाही. डि-सर्-निंग, आणि जोर मधल्या ‘सर्’वर.

याचं मूळ क्रियापद ‘डिसर्न’. ते लॅटिनमधून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं. लॅटिनमध्ये ‘डिस्’ म्हणजे अलग आणि ‘सेर्नेरे’ म्हणजे चाळणं. चाळून वेगळं करणं, हा या शब्दाचा पाया आहे. बुद्धी, अभिरुची, सूक्ष्म दृष्टी हे सगळं पुढचं. आधी चाळणी.

याच धातूच्या कुळात ओळखीचे कितीतरी शब्द निघतात. ‘सर्टन’ म्हणजे चाळून झालेलं, म्हणून नक्की. ‘सीक्रेट’ म्हणजे वेगळं काढून बाजूला ठेवलेलं. ते सांभाळणारा तो ‘सेक्रेटरी’, म्हणजे आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा याच घरातले. ग्रीक भाषेत या कुळाची दुसरी शाखा आहे, तिथून ‘क्रिटिक’, ‘क्रायटेरियन’ आणि ‘क्रायसिस’ आले. क्रायसिस म्हणजे मुळात निवाड्याचा क्षण, इकडे की तिकडे हे ठरण्याची वेळ.

मला खरा आनंद झाला तो पुढे. कोशातल्या ज्या ‘विवेकी’ शब्दावर मी नाक मुरडलं, तो उघडून पाहिला तर आत हेच निघालं. विवेक म्हणजे वि अधिक विच्, आणि संस्कृतात विच् म्हणजे पाखडणं, कोंडा एकीकडे आणि दाणा एकीकडे करणं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 71व्या सूक्ताच्या दुसऱ्या ऋचेत हीच प्रतिमा येते : चाळणीने सातू चाळून घ्यावं, तशी ज्ञात्यांनी मनाने वाणी चाळून घेतली. रोमचा शेतकरी आणि इकडचा ऋषी, दोघांनीही ‘बुद्धी’ समजावण्यासाठी धान्य निवडणाऱ्या माणसाचे हात पाहिले.

ज्यांच्या घरात सूप वापरात होतं, त्यांना हे अधिक सांगायला नको. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी आजी दुपारी तांदूळ घेऊन बसायची. आधी पाखडायची, म्हणजे सूप वर उडवून कोंडा पुढे जाऊ द्यायचा. मग घोळायची. सूप हातात गोल फिरवत राहिलं की जड खडे आपोआप एका कडेला गोळा होतात. मग ताटात पसरून निवडायची. शेवटी पीठ दळून आलं की चाळायची. पाखडणं, घोळणं, निवडणं, चाळणं अशा चार क्रिया आणि चारांना चार वेगळे शब्द. आजी हे करताना शेजारणीशी बोलत असायची आणि तरी बोटं पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा बरोबर उचलायची. तो खडा मला दाखवला तरी दिसायचा नाही.

‘डिसर्न’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ इथेच आहे. सहज न दिसणारं दिसणं. पावसाळ्यात येऊरच्या रस्त्यावर धुकं उतरलं की समोर झाड आहे की माणूस, हे आधी कळत नाही. डोळे ताणून पाहिलं की हळूहळू आकार उमटतो. त्या उमटण्याला इंग्रजीत डिसर्न म्हणतात. कुणाच्या आवाजात राग नाही पण दुखावलेपण आहे, हे ओळखणं म्हणजेही डिसर्न. नुसतं ‘सी’ म्हणजे दिसणं. डिसर्न म्हणजे अंधूक गोष्टीतून ओळखू येणं.

हे दोन्ही अर्थ एकत्र केले की ‘डिसर्निंग’ हे विशेषण उभं राहतं : जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक ज्याला दिसतो आणि म्हणून जो त्यांतली चांगली कोणती हे सांगू शकतो, असा माणूस. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिसणं, मग निवडणं.

वापराचं थोडं व्याकरण. हे विशेषण माणसाला लागतं किंवा माणसाच्या एखाद्या इंद्रियाला. डिसर्निंग रीडर, डिसर्निंग कस्टमर, डिसर्निंग ऑडियन्स. डिसर्निंग आय, म्हणजे तयार नजर. डिसर्निंग इअर, म्हणजे तयार कान. डिसर्निंग पॅलेट, म्हणजे जाणती जीभ. ‘शी हॅज अ डिसर्निंग आय फॉर फॅब्रिक’ म्हणजे तिला कापडातलं बारीक कळतं. वस्तूला मात्र हे विशेषण लावायचं नाही. ‘डिसर्निंग होम्स’, ‘डिसर्निंग ज्वेलरी’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि ते चूक आहे. घराला कसली पारख? पारख असते ती घर बघायला आलेल्याला.

आणखी एक. हे विशेषण दुसऱ्याने द्यायचं असतं. ‘आय अ‍ॅम अ व्हेरी डिसर्निंग पर्सन’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. नोकरीच्या अर्जात तर नकोच. नाम हवं असेल तर ‘डिसर्नमेंट’. ख्रिस्ती धर्मपरंपरेत या नामाला फार वजन आहे. मनात उठलेल्या अनेक ओढींपैकी देवाची हाक कोणती, हे शांतपणे ओळखण्याच्या साधनेला तिथे डिसर्नमेंट म्हणतात.

‘डिसर्निबल’ हा शब्द याच्याशी गल्लत करण्यासारखा आहे. तो वस्तूला लागतो आणि त्याचा अर्थ ‘ओळखू येण्याजोगा’ एवढाच. ‘नो डिसर्निबल डिफरन्स’ म्हणजे ओळखू येईल असा फरक नाही. बघणारा डिसर्निंग, दिसणारं डिसर्निबल.

आता ही पारख खरी की नुसता आव? ही शंका फार जुनी आहे. एखादा म्हणतो, या चहात मला अमुक चव लागते, आणि आपल्याला वाटतं, उगाच मोठेपणा करतोय. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 साली प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीवरच्या निबंधात याच शंकेला हात घातला आणि त्यासाठी ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतल्या सांचोने, म्हणजे नायकाच्या सेवकाने सांगितलेली एक गोष्ट घेतली. सांचोच्या नात्यातल्या दोघांना वाइनचं एक पिंप तपासायला बोलावतात. पहिला चव घेतो, विचार करतो आणि म्हणतो, वाइन चांगली आहे, फक्त चामड्याची किंचित चव लागते. दुसराही चांगली म्हणतो, पण त्याला लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते. लोखंडाची, चामड्याची वादी बांधलेली.

ही किल्ली मला फार मोलाची वाटते. दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघंही बरोबर होते. हसणारे चुकले, कारण त्यांच्या जिभेला जे लागलं नाही ते नाहीच, असं त्यांनी धरलं. ह्यूम पुढे सांगतो की ही नजाकत सरावाने वाढते, पुष्कळ गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्याने वाढते, आणि मनात आधीपासून धरलेला ग्रह बाजूला ठेवला तरच चालते. म्हणजे हा जन्मजात मान नाही. पैशाने मिळणाराही नाही.

डिसर्निंगच्या शेजारी राहणारे बाकीचे शब्द आता ओळखता येतील. ‘चूझी’ आणि ‘फसी’ माणूस नाकारतो. त्याला हे नको, ते नको. का नको, ते सांगता येईलच असं नाही. डिसर्निंग माणूस फरक दाखवून देऊ शकतो, आणि कधीकधी सगळ्यांनी नाकारलेली गोष्ट उचलून म्हणतो, हे चांगलं आहे. ‘ज्युडिशस’ हा शब्द कृतीला लागतो. पाण्याचा ज्युडिशस वापर म्हणजे विचारपूर्वक, तोलून केलेला. ‘डिस्क्रीट’ म्हणजे गाजावाजा न करता, दुसऱ्याची लाज राखून वागणारा. तोही याच चाळणीतून आला, पण त्याची चाळणी तोंडाला लावलेली आहे, काय बोलायचं आणि काय गिळायचं यासाठी.

‘डिस्क्रिमिनेटिंग’वर मात्र थांबायला हवं. कोशात तो डिसर्निंगचा जवळजवळ जुळा भाऊ आहे, आणि जुन्या इंग्रजीत ‘मॅन ऑफ डिस्क्रिमिनेशन’ म्हणजे उत्तम पारख असलेला माणूस, असा गौरव असायचा. पण वेगळं ओळखणं आणि वेगळं वागवणं यांत फार मोठी दरी आहे, आणि हा शब्द ती ओलांडून गेला. आपल्या राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदात ज्या ‘डिस्क्रिमिनेशन’ला मनाई आहे, ते म्हणजे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून केलेला भेदभाव. आपल्याकडच्या वाचकाला हा अर्थ आधी आठवतो आणि तसा तो आठवलाही पाहिजे. म्हणून ‘डिस्क्रिमिनेटिंग कस्टमर’ मी लिहीत नाही. डिसर्निंगवर तो डाग नाही.

आता मराठीकडे. माझ्या कागदावर तोवर सात-आठ शब्द जमले होते.

‘चोखंदळ’ सगळ्यांना आधी सुचतो. तो वाईट नाही. चोख तेच घेणारा, असा त्याचा सूर आहे. पण बोलताना आपण तो नाकारणाऱ्याला लावतो. मुलाला स्थळं पसंत पडत नसली की ‘जरा चोखंदळच आहे’. म्हणजे हा चूझीच्या अंगणात राहतो. ‘चिकित्सक’ एके काळी पुरा मानाचा शब्द होता आणि लेखनात अजून आहे, पण भाजीवाल्यासमोर ‘फार चिकित्सक बाई’ म्हटलं की ती तक्रार असते. ‘रसिक’ आस्वाद घेतो, त्याला फरक कळलाच पाहिजे अशी अट नाही. ‘दर्दी’ जीव टाकतो. ‘पारखी’ हा मला अर्थाने सगळ्यांत जवळचा वाटला. पारख ही परीक्षेवरून आली, आणि परीक्षा म्हणजे सगळ्या बाजूंनी निरखून पाहणं. पण ‘पारखी’ म्हटलं की डोळ्यांसमोर सराफ येतो, हातात कसोटीचा दगड घेतलेला.

या शब्दांतला फरक ऐकायचा असेल तर गडकरी रंगायतनमधली गाण्याची मैफल आठवा. 1978 साली सुरू झालेल्या या नाट्यगृहाने ठाण्याच्या दोन-तीन पिढ्यांचे कान तयार केले, आणि पंडित राम मराठे ज्या गावात राहिले तिथे कान तयार असावेत, यात नवल नाही. तान संपून समेवर आली की सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. ते रसिक. पण त्याच्या कितीतरी आधी, आलापीत एखादा कोमल स्वर नेहमीपेक्षा किंचित उतरून लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कुणाच्या तरी तोंडून अगदी हलक्याने ‘वा’ जातं. गायक त्या दिशेला पाहून मान लववतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही की झालं काय. तो ‘वा’ म्हणणारा डिसर्निंग. आपल्याकडे त्याला कानसेन असा सुंदर शब्द आहे, पण तो गाण्यापुरता. आंब्याला तो कसा लावणार?

आणि खरं सांगायचं तर, मला उत्तर मिळालं ते आंब्यानेच.

एप्रिलमध्ये आत्याला घेऊन वाशीच्या फळ बाजारात गेले होते. आत्या 78 वर्षांची. माहेर रत्नागिरीकडचं, सासर ठाण्याचं. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे आहेत, म्हणजे आत्याचं माहेरही आलं आणि सासरही. पण बाजारात कर्नाटकचा आंबाही तशाच पेटीत, तशाच पेंढ्यात बसून कोकणचं नाव लावून येतो. तो वाईट असतो असं नाही. मात्र त्याची साल जाडसर, वास कमी, आणि भाव कोकणचा लावलेला.

व्यापाऱ्याने पाच डझनी पेटी उघडली. वरची रांग अशी की फोटो काढावा. मी लगेच बोट लावायला गेले. आत्याने माझा हात धरला. ‘दाबू नकोस. दाबून आंबा कळत नाही, डाग मात्र पडतो.’ तिने वरचे चार बाजूला ठेवले, पेंढा सारला आणि मधल्या थरातला एक उचलला. देठाकडून नाकाशी नेला, डोळे मिटले, परत ठेवला. दुसरा उचलला, तो नाकाशी नेलाच नाही, नुसता हातात फिरवला. मग म्हणाली, ‘ही पेटी एका तोडीची नाही. हे मधले लवकर उतरवलेत.’

व्यापारी हसला. ‘कशावरून, आजी?’

‘खांदे बघा ना.’ तिने वरचा एक आणि मधला एक शेजारी शेजारी धरले. वरच्याचे खांदे भरून देठाच्या वर आले होते, देठ खळगीत बसला होता. मधल्याचे खांदे उतरते, देठ टोकावर. रंग दोघांचा सारखाच पिवळा. ‘हा झाडावर भरलाच नाही. आढीत पिवळा होईल, पण गोड कुठून होणार?’

एकदा दाखवल्यावर मलाही दिसलं. मधल्या थरातले सगळेच तसे होते. पिंपाच्या तळाची किल्ली अशी हातात आली. आत साका, म्हणजे गराचा खराब झालेला पोचट भाग निघेल का, हे आत्यालाही बाहेरून सांगता येत नाही, तसं ती म्हणालीही. ‘ते कापल्यावरच.’ कुठवर कळतं आणि कुठे कळत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं, डिसर्निंग माणसाची ही खूण कोशात लिहायला हवी.

व्यापाऱ्याने पेटी बंद केली आणि मागे वळून पोऱ्याला हाक मारली, ‘अरे, आतली काढ. आजींना आंब्यातलं कळतं.’

दोन दिवस मी विशेषण शोधत होते. मराठी माणूस या जागी विशेषण वापरतच नाही. तो क्रियापद वापरतो. त्याला गाण्यातलं कळतं. तिला साड्यांमधलं कळतं. यांना माशांतलं कळतं. या ‘-तलं कळतं’मध्ये सगळं आलं : वस्तूच्या आत जाणं, वर न दिसणारं दिसणं, फरक ओळखता येणं. त्यात श्रीमंती नाही, नाक मुरडणं नाही. कापड बाजारातला हमाल असो की गिरणीवाला, ज्याचा हात रोज त्या वस्तूवरून फिरतो त्याला हे वाक्य लागू पडतं. आणि इंग्रजी शब्दासारखंच हेही दुसऱ्यानेच म्हणायचं असतं. ‘मला गाण्यातलं कळतं’ असं कुणी स्वतः म्हटलं की आपण दोन पावलं मागे सरतोच.

जाहिरातींनी डिसर्निंगचं नेमकं हेच काढून घेतलं आहे. तिथे हा शब्द वाचणाऱ्याला म्हणतो, तुम्ही हे विकत घेतलंत म्हणजे तुम्हाला पारख आहे. कुणी काही चाळत नाही, ताडत नाही, पेटीचा मधला थर उघडत नाही. खरा डिसर्निंग गिऱ्हाईक भिंतीवर बोट वाजवून बघतो, दुपारी चार वाजता ऊन कुठून येतं ते विचारतो, पावसाळ्यात गॅलरीच्या कोपऱ्यात ओल येते का हे जुन्या इमारतीतल्या माणसांना विचारून येतो, कार्पेट एरियाचा आकडा कागदावर मागतो. विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक खरोखर हवं असेल, तरच त्याने हा शब्द छापावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मी शेवटी लिहिलं : ‘ज्यांना घर कळतं, त्यांच्यासाठी.’ दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. ओळ आवडली, पण ‘निवडक’ कुठे गेलं? मी म्हटलं, ते लिहायची गरज नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, घर कळतं म्हणजे नक्की काय काय बघायचं असतं? आम्हीपण घर शोधतोय, कळव्याला.’ मग आम्ही अर्धा तास ओल, ऊन आणि कार्पेट एरियावर बोललो.